राजपुत्राची निवड आणि आठ जातींची उतरंड

राजा-राणीच्या गोष्टी ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. गरीब घरची गुणी मुलगी, तिच्यावर भाळलेला राजपुत्र, वाडा, दागदागिने आणि शेवटी लग्न. घरात चूल पेटण्याची भ्रांत असली तरी ही गोष्ट सांगताना आजीचा आवाज गोड होई आणि ऐकताना नातवंडांचे डोळे लकाकत. आज आपल्या मुली इंग्रजी वाचू लागल्या आहेत; पण राजपुत्राने त्यांची पाठ सोडलेली नाही. आता तो इंग्रजी कादंबरीतून येतो, एवढाच काय तो फरक.

अशाच एका पुस्तकमालेविषयी आज लिहावयाचे ठरविले आहे. अमेरिकन लेखिका किएरा कास यांची 'द सिलेक्शन' ही ती मालिका. सिलेक्शन म्हणजे निवड. या नावाचे पहिले पुस्तक २०१२ साली आले. त्यानंतर २०१३ साली 'द एलीट', २०१४ साली 'द वन', २०१५ साली 'द एअर' आणि २०१६ साली 'द क्राऊन' अशी दरसाल एक पुस्तके आली. किशोरवयीन व तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या या मालेवरून वाचकांत सरळ दोन तट पडले आहेत. एक तट ती पुन्हा पुन्हा वाचतो, दुसरा तट तिला पोकळ म्हणून हिणवतो.

आमचे लक्ष मात्र वेगळ्याच कारणाने तिच्याकडे गेले. या प्रेमकथेच्या पायाशी जात आहे. लेखिकेने 'कास्ट' हाच शब्द वापरला आहे. पोर्तुगीज लोक भारतात आले, येथील समाजरचना पाहून त्यांनी तिला आपल्या भाषेतला 'कास्टा' हा शब्द लावला आणि तेथून तो इंग्रजीत गेला. असा हा शब्द फिरत फिरत एका अमेरिकन प्रेमकथेत जाऊन बसतो, तेव्हा आपल्या घरातील मुलीने ते पुस्तक उघडल्यावर तिच्या मनात काय येत असेल, याचा विचार आपण नाही करावयाचा तर कोणी?

गोष्ट अशी आहे

काळ भविष्यातला. महायुद्धानंतर अमेरिकेच्या जागी ईलिया नावाचे राज्य उभे राहिले आहे आणि तेथे राजा राज्य करतो. प्रजेची विभागणी एकपासून आठपर्यंत क्रमांक दिलेल्या जातींत झाली आहे. पहिलीत राजघराणे आणि धर्मगुरू. दुसरीत नट, खेळाडू, सैनिक असे मानमरातबाचे लोक. तिसरीत शिक्षक, डॉक्टर, शास्त्रज्ञ. चौथीत शेतीचे मालक आणि धंदेवाले. पाचवीत गायक-वादक, चित्रकार. सहावीत मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या, गाडी हाकणारे. सातवीत बांधकामावरचे व शेतावरचे मजूर. आणि आठवीत बेघर, आजारी, कोणी विचारीत नाही असे लोक. मूल ज्या घरी जन्मले ती त्याची जात आणि जातीने नेमून दिले ते त्याचे काम.

कथेची नायिका अमेरिका सिंगर ही पाचव्या जातीची, गाऊन-वाजवून कुटुंबाला हातभार लावणारी मुलगी. तिचे प्रेम अॅस्पेन या सहाव्या जातीच्या तरुणावर. रात्री लपूनछपून भेटायचे आणि आपल्या ताटातले त्याच्यासाठी वाचवून न्यायचे, असा त्यांचा संसाराआधीचा संसार. इतक्यात राजपुत्र मॅक्सन याच्यासाठी वधू निवडण्याचे जाहीर होते. राज्याच्या ३५ प्रांतांतून प्रत्येकी एक अशा ३५ मुली राजवाड्यात आणायच्या, सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत राहणार आणि एकेक मुलगी गळत गळत शेवटी एक राणी होणार. आईचा आग्रह आणि खुद्द अॅस्पेनचेही सांगणे, म्हणून अमेरिका अर्ज भरते आणि निवडली जाते. पहिली तीन पुस्तके तिची आहेत. शेवटची दोन तिच्या मुलीची, एडलिनची.

मॅक्सन की अॅस्पेन?

वाचकांचे पहिले भांडण अर्थातच नवरदेवावरून. एक पक्ष मॅक्सनचा. तो म्हणतो, हा राजपुत्र नम्र आहे, ऐकून घेणारा आहे. प्रजा उपाशी झोपते हे अमेरिकेच्या तोंडून कळल्यावर तो अन्नाची मदत सुरू करतो. बापाच्या हातचा मार पाठीवर घेऊन गप्प बसलेला हा मुलगा अनेक मुलींना आपलासा वाटतो. दुसरा पक्ष अॅस्पेनचा. तो म्हणतो, भुकेत जो सोबत होता त्याला वाडा दिसताच विसरायचे का?

दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर आहेत. पण अॅस्पेन मुळात अमेरिकेला सोडतो कशासाठी, याकडे मात्र फार थोडे वाचक लक्ष देतात. तिने त्याच्यासाठी रांधून आणले आणि त्याचा अभिमान दुखावला. बाईच्या हातचे खावे, पण बाईच्या कमाईचे खाऊ नये, ही पुरुषी ऐट आपल्या वस्त्यांतही कमी नाही. धुणीभांडी करून घर चालविणाऱ्या किती भगिनींनी हे सोसले आहे! राजवाड्याच्या गोष्टीतील ही छोटीशी ठिणगी आम्हांस राजपुत्राच्या साऱ्या मेजवान्यांपेक्षा खरी वाटली.

नायिकेवरूनही असाच वाद आहे. कोणी तिला धीट म्हणतो, कारण ती राजपुत्राला तोंडावर सुनावते. कोणी तिला चंचल म्हणतो, कारण तीन पुस्तके झाली तरी तिचा मनाचा झोका थांबत नाही. चंचलपणाचा आरोप आम्हांस पूर्ण पटत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीपुढे एकीकडे प्रेम, दुसरीकडे घरी जाणारा पैसा आणि भोवती साऱ्या देशाचे डोळे असतील तर तिने कोणत्या तोंडाने ठाम राहावे?

झगे, मुकुट आणि भूक

दुसरे भांडण अधिक गंभीर आहे. टीका करणारे म्हणतात, ही कथा म्हणजे दूरचित्रवाणीवरचा वधूनिवडीचा खेळ. अमेरिकेत २००२ पासून 'द बॅचलर' नावाचा असा कार्यक्रम चालू झाला. आपल्याकडेही २००९ साली 'राखी का स्वयंवर' घरोघरी पाहिले गेले. त्याला वरून 'द हंगर गेम्स' या २००८ सालच्या गाजलेल्या कादंबरीसारखा जुलमी राज्याचा मुलामा दिला, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झोकदार झगा घातलेली मुलगी. आतही झगे, केशरचना आणि मेजवान्या यांना जेवढी जागा आहे तेवढी उपासमारीला नाही. अॅस्पेनच्या लहानग्या भावाला चोरी केली म्हणून चारचौघांत फटके मारले जातात, हे एका झटक्यात येते आणि जाते. मग पुन्हा राजवाडा सुरू.

बाजू घेणारे म्हणतात, असेना का! दिवसभर अभ्यास, घरकाम, टोमणे यांनी थकलेल्या मुलीला दोन तास सुंदर कपड्यांच्या आणि गोड बोलण्याच्या जगात जाऊ द्यावे. शिवाय या पुस्तकांत अश्लील काही नाही, त्यामुळे आईवडिलांपासून लपवावी लागत नाहीत. सोप्या इंग्रजीमुळे एकदा हातात घेतले की पुस्तक संपते आणि वाचनाची गोडी लागते.

आम्हांस विचाराल तर या बाजूचे शेवटचे म्हणणे हलके मानू नये. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी अक्षरओळख नव्हती, त्या घरातील मुलगी तीन-चारशे पानांचे इंग्रजी पुस्तक संपविते, ही लहान गोष्ट नव्हे. पुस्तक हिसकावून घेण्याआधी आईबापांनी एवढे ध्यानात ठेवावे.

ही आपली जात आहे काय?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म नेमके सांगितले होते. जातीबाहेर लग्न न करणे, म्हणजेच सजातीय विवाह, हा जातीचा प्राण. ती फूटपट्टी ईलियाला लावून पाहा. तेथे कागदपत्रे भरून, परवानगी काढून दुसऱ्या जातीत लग्न करता येते आणि बायकोला नवऱ्याची जात मिळते. अमेरिकेची थोरली बहीण चौथ्या जातीत लग्न करून एक पायरी चढली आहे. अॅस्पेन सैन्यात भरती होताच सहावीतून एकदम दुसरीत जातो. निवडीत आलेल्या खालच्या जातींच्या मुली तिसऱ्या जातीच्या होतात. शिवण्याचा विटाळ नाही, वेगळा पाणवठा नाही, धर्मग्रंथाचा आधार नाही.

म्हणून काही वाचकांचा आक्षेप आहे की, हा शब्द लेखिकेने उसना घेतला, त्यामागचे रक्त आणि घाम घेतला नाही. आक्षेप रास्त आहे. ईलियाच्या पायऱ्या चढता येतात. आपल्याकडे लग्नाने जात जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात हेच सांगितले की, जात जन्माने ठरते आणि विवाहाने बदलत नाही. सून होऊन गेलेल्या मुलीला तिच्या माहेरची जात सासरी किती वर्षे ऐकून घ्यावी लागते, हे आंतरजातीय विवाह केलेल्या घरांना सांगावयास नको.

तरीही एक गोष्ट लेखिकेने अचूक पकडली आहे. ईलियातील प्रत्येक जात वरच्याकडे आशेने आणि खालच्याकडे तुच्छतेने पाहते. पाचवीची आई मुलीला सहावीच्या मुलाशी लग्न करू देणार नाही. एक पायरी घसरण्याची तिला धास्ती आहे. ज्यांना स्वतःला पुरेसे खायला मिळत नाही, तेही आपल्याखाली कोणीतरी आहे यात समाधान मानतात. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती हीच. उतरंडीतील प्रत्येक मडके वरच्याचा भार वाहते आणि खालच्यावर आपला भार टाकते. आपल्यातल्या आपल्यात पोटजाती मोजणाऱ्यांनी ही पाने दोनदा वाचावीत.

लग्नाची शिडी

मॅक्सन सामान्य घरातील मुलगी करतो, म्हणजे राजघराणे उदार झाले असे भोळ्या वाचकांना वाटते. पण खुद्द पुस्तकातच खुलासा आहे. ईलियाच्या राजकन्या परदेशी राजघराण्यांत दिल्या जातात, कारण त्यातून राज्याराज्यांत सोयरिक जुळते. राजपुत्रांनी मात्र प्रजेतील मुलगी करायची, कारण त्यामुळे प्रजा खूश राहते. एक मुलगी राणी झाली की लाखो मुलींना वाटते, उद्या आपली पाळी. भुकेले पोट आशेवर झोपी जाते आणि राजाचे सिंहासन शाबूत राहते.

या खेळाचा खरा चेहरा दुसऱ्या पुस्तकात दिसतो. मार्ली नावाची निवडीतील मुलगी कार्टर या पहारेकऱ्यावर प्रेम करताना सापडते. निवडीतील मुलगी म्हणजे राजपुत्राची मालमत्ता, म्हणून हा राजद्रोह. दोघांना सर्वांदेखत फटके मारून आठव्या जातीत ढकलले जाते. राजपुत्र एका वेळी अनेक मुलींशी सलगी करू शकतो. मुलीने एकावर जीव टाकला तर तिचे हात सोलून निघतात. मुलींनी हे प्रकरण वाचताना झग्यांचे रंग विसरले तरी चालतील, पण हा न्याय विसरू नये.

येथूनच नायिका जागी होते. मॅक्सन तिला राज्याचा संस्थापक ग्रेगरी ईलिया याची रोजनिशी वाचावयास देतो. ईलियात जुना इतिहास प्रजेला शिकविलाच जात नाही. रोजनिशीतून तिला कळते की जाती आकाशातून पडल्या नाहीत. एका सत्तेच्या भुकेल्या माणसाने आपल्या सोयीसाठी त्या आखल्या. मग ती दूरचित्रवाणीवर सर्व देशासमोर रोजनिशी वाचते आणि जाती मोडून टाका म्हणते. राजा खवळतो. इतिहास हाती लागला की माणूस उभा राहतो, हे आपणास नवीन नाही. आमच्या मते साऱ्या मालेतील हा सर्वांत मोलाचा प्रसंग आहे आणि नवरदेवाच्या भांडणात तोच झाकला जातो, याची खंत वाटते.

मुलगी गादीवर बसली आणि वाचक रागावले

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी बंडखोरांच्या हल्ल्यात राजा-राणी मारले जातात आणि मॅक्सन-अमेरिका यांचे लग्न होते. बहुतेक वाचकांना गोष्ट येथेच संपायला हवी होती. पुढील दोन पुस्तकांत त्यांची थोरली मुलगी एडलिन गादीची वारस आहे आणि आता तिच्यासाठी ३५ तरुण आणले जातात. यावर मोठी नाराजी झाली. एडलिन गर्विष्ठ आहे, कोणाला जवळ करीत नाही, नोकरमाणसांशी तोऱ्यात वागते, अशा तक्रारी. दुसरे वाचक उलट विचारतात की, राजपुत्र असाच वागला असता तर त्याला रुबाबदार म्हटले नसते का? प्रश्न बिनतोड आहे. अर्थात, मोलकरणीशी तोऱ्याने वागणे मुलाचे असो की मुलीचे, त्याला रुबाब म्हणू नये, एवढी पुस्ती आम्ही जोडू.

पण नाराज वाचकांनी एक गोष्ट नजरेआड केली. मॅक्सन आणि अमेरिका यांनी जाती टप्प्याटप्प्याने रद्द केल्या, असे 'द एअर'मध्ये कळते. तरी प्रजा सुखी नाही. पूर्वी कोण कोणत्या जातीचा होता हे लोक विसरलेले नाहीत. काम देताना जुनी जात पाहिली जाते, दंगे होतात आणि राजवाड्याला कळत नाही की चुकले कोठे. अनेकांना हा भाग कंटाळवाणा वाटला. आम्हांस मात्र तो फार ओळखीचा वाटला.

हुकूम निघाला, पण पाऊल कोणी टाकायचे?

वरून निघालेला हुकूम कमी मोलाचा असतो, असे आम्ही म्हणणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले. चांगला राजा चांगले काम करू शकतो.

पण महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. कागद तयार होता, तळे तेथेच होते. पण पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांमागून हजारो स्त्री-पुरुष तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

ईलियात हे चालणारे लोक कोठे आहेत? बंडखोर आहेत, पण ते बहुतेक रात्री भिंत ओलांडून येणाऱ्या सावल्या आहेत. सहावीच्या मोलकरणी, सातवीचे मजूर, आठवीचे बेघर स्वतः काय म्हणतात, हे पाच पुस्तकांत फारसे ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी राणी रडते, राजा योजना आखतो. म्हणूनच जाती कागदावरून गेल्या आणि मनात राहिल्या. लेखिकेने हे हेतुपुरस्सर दाखविले की सहज घडले, ते असो. वाचणाऱ्याने ते पाहावे. शेवटच्या पुस्तकात एडलिन राजसत्ता मर्यादित करून प्रजेच्या हाती कारभार देण्याचे जाहीर करते आणि एका दुभाष्याशी लग्न करते. काही वाचकांना हा शेवट घाईचा वाटतो. घाईचा असेल, पण राजकन्येच्या गोष्टीचा शेवट सिंहासनाची उंची कमी होण्यात व्हावा, हे आम्हांस आवडले. आपल्या देशानेही १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद केले, तेव्हा कोणाचे काही अडले नाही.

घरात वाचताना

मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल तर ही पुस्तके तिने वाचण्यास आमची हरकत नाही. फटक्यांचे आणि हल्ल्यांचे काही प्रसंग आहेत, ते आईबापांनी माहीत असू द्यावेत. विकत घेणे परवडत नसेल तर एक प्रत चार मैत्रिणींत फिरू द्यावी. इंग्रजी न येणाऱ्या आईने लाजू नये. मुलीलाच म्हणावे, बाळ, मला गोष्ट सांग. सांगता सांगता पुढील प्रश्न विचारावेत.

अमेरिका पाचव्याऐवजी आठव्या जातीची असती, तर राजपुत्राने तिला निवडले असते का?

निवडीतून परत पाठविलेल्या बाकीच्या मुलींचे पुढे काय झाले असेल?

मार्लीला शिक्षा झाली, मग राजपुत्राला का नाही?

जाती रद्द झाल्यावरही लोक भांडत का राहिले?

आणि शेवटचा प्रश्न. या गोष्टीत तुला राणी व्हायला आवडेल, की ती रोजनिशी देशासमोर वाचणारी मुलगी व्हायला?

या प्रश्नांची उत्तरे घराघरांत वेगळी येतील, आईची एक आणि लेकीची दुसरी. येऊ द्यावीत. मॅक्सन की अॅस्पेन यावर मैत्रिणींनी खुशाल भांडावे, ते वयच तसे आहे. पण ज्या घरात आई आणि लेक एका इंग्रजी प्रेमकथेवरून जातीविषयी अर्धा तास बोलल्या, त्या घरात ते पुस्तक वाया गेले नाही, असे आम्ही समजतो.